एक शनिवार: शेत आणि चिखल

भारतात गेलं की एक प्रश्न हमखास येतो, "दुबईत वीकेंडला काय करता रे?" विचारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर मॉल, ब्रंच आणि वाळूत उडणारी लँडक्रूझर असते. मी सांगतो, पक्षी बघतो. मग एक छोटासा पॉझ येतो आणि त्यानंतर ठरलेला दुसरा प्रश्न. "वाळवंटात कसले पक्षी?"

तर मंडळी, या देशाच्या यादीत साडेचारशेहून जास्त जातींचे पक्षी आहेत. देश आकाराने महाराष्ट्राच्या पाव भागाइतका. त्यातले बरेचसे पाहुणे. आशिया, युरोप आणि आफ्रिका यांच्या मधल्या नाक्यावर हा देश बसलाय, त्यामुळे ये-जा करणारा जो तो इथे चहाला थांबतो. (या ठिकाणी "पक्ष्यांना व्हिसा लागत नाही" आणि "आम्हीही स्थलांतरित, तेही स्थलांतरित" वगैरे वाक्यं येण्याची शक्यता होती. ती मी लिहिणार नाहीये. दुबईतल्या प्रत्येक मराठी मंडळाच्या दिवाळी अंकात ती असतातच.)

आमचा कंपू चार जणांचा. मी, बायको, माझ्या ऑफिसातला एक मल्याळी चेट्टन आणि काका. काका माझे कोणी सख्खे काका नाहीत. मूळचे सांगलीचे, इथे बांधकाम कंपनीत क्वांटिटी सर्व्हेअर. म्हणजे सिमेंट किती, सळया किती, टाइल्स किती हे आयुष्यभर मोजलेला माणूस. सुट्टीच्या दिवशी पक्षी मोजतो. 2003 पासून दर हिवाळ्यात उम्म अल क्वैनच्या खाडीवरचे पक्षी मोजून वहीत लिहून ठेवलेत. आधी शुक्रवारी जायचे, 2022 साली इथली साप्ताहिक सुट्टी शनिवार-रविवारवर गेली तसे शनिवारी जायला लागले. वही तीच, वार बदलला.

जानेवारीतल्या त्या शनिवारी पहाटे पावणेपाचला निघालो. प्लॅन सोपा होता. सकाळी रास अल खैमामधली शेतं, दुपारी उम्म अल क्वैनची खाडी. शेतावर लवकर पोचायचं, कारण ऊन चढलं की पक्षी गप्प होतात. खाडीवर मात्र भरतीच्या वेळेला पोचायचं, ती त्या दिवशी पावणेचारच्या सुमाराला होती. पक्षी बघणाऱ्याला पंचांग आणि भरतीचं कोष्टक दोन्ही लागतं. बायको म्हणते, एवढं प्लॅनिंग तू रिलीजच्या वेळी केलंस तर प्रमोशन होईल.

वाटेत धुकं. इथल्या हिवाळ्यात पहाटे असं धुकं पडतं की पुढच्या गाडीचे लाल दिवेसुद्धा दिसत नाहीत. धुक्यातून बाहेर पडलो तेव्हा उजवीकडे हजर पर्वताची काळी रांग होती, तिच्या मागे आकाश फटफटत होतं, आणि पायथ्याशी... शेतं. खरीखुरी. बांध, पाट, खजुराच्या रांगा आणि मधे लसूणघास आणि ऱ्होड्स गवताचे हिरवेगार चौकोन.

हा सगळा भाग दिगदागा आणि अल हमरानियाचा. पर्वतावर पडलेलं पावसाचं पाणी वाहत खाली येतं आणि इथल्या खडी-वाळूत मुरतं, म्हणून इथे विहिरी आणि विहिरींमुळे शेती. दिगदाग्याला 1955 साली इंग्रजांनी शेतीचं प्रयोग केंद्र काढलं होतं, म्हणजे तेलाचा पैसा यायच्या आधी. देशभरात वर्षाला जेमतेम 100 मिलिमीटर पाऊस. आपल्याकडे जुलैत एका दुपारी पडतो तेवढा.

गाडीतून उतरल्यावर पहिला आवाज कोणाचा? टिटवीचा. अगदी घरचा. त्यानंतर चित्तूर, मग साळुंकी, मग होला, मग पोपटांचा थवा ओरडत गेला. बायको म्हणाली, "एवढ्यासाठी एकशेवीस किलोमीटर? हे तर नेरूळला बाल्कनीतून दिसतं." यातली साळुंकी आणि पोपट मूळचे इथले नाहीत. पिंजऱ्यातून सुटलेल्या पक्ष्यांची पुढची पिढी आहे ती, आणि इथल्या पक्ष्यांच्या बिळांवर-ढोल्यांवर कब्जा करते म्हणून साळुंकीला इथे उपद्रवी मानतात. काका साळुंकीसुद्धा इमानदारीत मोजतात. "आवडत नाही म्हणून लिहायची नाही, हे ऑडिटमध्ये चालत नाही," असं त्यांचं म्हणणं.

तासाभराने मजा सुरू झाली. विजेच्या तारेवर नीलपंख बसला होता. बसलेला असताना हा पक्षी मातकट, काहीसा कंटाळलेला दिसतो, आणि उडाला की निळ्या रंगाचा स्फोट होतो. चार वर्षांत मी तो पन्नासेक वेळा पाहिला असेल, तरी दर वेळी तोंडातून "आयला" निघतं. पाटाच्या कडेने हुदहुद चोच खुपसत चालली होती. नांगरलेल्या तुकड्यात रणगोजे, म्हणजे चिमणीपेक्षा थोडे मोठे, ताठ उभे राहणारे पक्षी. मातीच्या ढेकळावर चढून चौकीदारासारखे इकडेतिकडे बघतात. कुंपणावर खाटीक. आणि गवताच्या टोकांना पोट घासत जाईल इतक्या खालून एक पांढुरका भोवत्या, नर. तो फिकट राखाडी रंग, पंखाच्या टोकाला काळी पाचर, आणि शेताच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत इस्त्री फिरवावी तसं शांतपणे उडणं. चेट्टन कॅमेरा डोळ्याला लावायचंच विसरला.

मराठी नावं मला काकांमुळे पाठ झाली. त्यांच्याकडे मारुती चितमपल्लींचा 'पक्षिकोश' आहे, पुठ्ठ्याच्या कव्हरातला. 2025 च्या जूनमध्ये चितमपल्ली गेले त्या दिवशी काकांनी मला ऑफिसात फोन करून फक्त एवढंच सांगितलं, "अरे, नावं देणारा माणूस गेला." 'रणगोजा' म्हटलं की तो पक्षी मला ओळखीचा वाटतो. 'इसाबेलाइन व्हीटइअर' म्हटलं की व्हेंडरचा सपोर्ट इंजिनियर वाटतो.

आम्हाला खरं हवी होती ती सोशिएबल लॅपविंग. टिटवीची चुलत बहीण. कझाकस्तानच्या गवताळ मैदानात अंडी घालते, हिवाळ्यात खाली येते, आणि जगातून नाहीशी व्हायच्या बेतात असलेल्या पक्ष्यांमध्ये तिचं नाव आहे. इथल्या चाऱ्याच्या शेतांवर कधीमधी एखाद-दुसरी उतरते. नावात 'सोशिएबल' आहे, पण आम्हाला काही भेटली नाही. सगळ्या टिटव्या तीन-तीनदा तपासल्या. असो.

तेवढ्यात मोटारीच्या खोलीतून एक माणूस आला. स्वातचा पठाण, पन्नाशीचा. "क्या गुम हो गया?" म्हणाला. पक्षी बघतोय म्हटल्यावर हसला नाही, उलट आत जाऊन किटलीभर चहा घेऊन आला. बावीस वर्षं याच शेतावर आहे. मी सहज विचारलं, पाणी कसं आहे? त्याने ओंजळभर पाणी पाइपातून घेतलं आणि म्हणाला, चखो. मी चाखलं. मचूळ, जवळजवळ खारं. "पानी नीचे जाता है, नमक ऊपर आता है," एवढंच बोलला. आधी या जमिनीत भाजी व्हायची, टोमॅटो, काकडी. मग खजूर राहिला. आता या तुकड्यात गवत, कारण ऱ्होड्स गवत खाऱ्या पाण्यालाही फारसं नखरे करत नाही.

अमिरातीत पिण्याचं पाणी बहुतेक समुद्राचं पाणी गोडं करून येतं, पण शेती मुख्यतः जमिनीखालच्या पाण्यावर. ते पाणी उपसायचा वेग आणि मुरायचा वेग यांची गाठ कधी पडत नाही. किनाऱ्याजवळ उपसा वाढला की समुद्राचं खारं पाणी जमिनीखालून आत सरकतं. अबू धाबीने 2010 साली ऱ्होड्स गवताचं अनुदान बंद केलं ते याचसाठी. गवत बाहेरून जहाजाने आणलेलं परवडतं, पाणी परवडत नाही. हिशेब म्हणून अगदी बरोबर आहे. मग पक्ष्यांचं काय? हा भोवत्या, हे रणगोजे, ही नसलेली लॅपविंग, ज्या हिरव्या चौकोनावर उतरतात तो चौकोन एका मोटारीच्या स्विचवर उभा आहे. दुबईत 'पिव्हट फील्ड्स' म्हणून एक जागा पक्षीवाल्यांमध्ये प्रसिद्ध आहे. तिथलं गवत शहराच्या सांडपाण्यावर प्रक्रिया करून त्या पाण्यावर वाढवलेलं. म्हणजे आपण अंघोळ केली की कुठेतरी एक पाणलाव्याचं पोट भरतं. मला ही व्यवस्था मनापासून आवडते, पण ती व्यवस्था आहे. पाइपलाइन वळवली की संपली.

चहा पिऊन झाला. काकांनी पठाणाला सांगलीचे बेदाणे दिले. दोघांनी एकमेकांना "फिर मिलेंगे" म्हटलं, आणि काकांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. मार्चअखेर काका कायमचे सांगलीला चाललेत. निवृत्ती. इथे नोकरी संपली की राहायचं कारण बहुतेकांचं संपतं. बत्तीस वर्षं झाली तरी.

हायवेवरच्या कॅफेटेरियात कडक करक चहा आणि परोटा हाणला (चेट्टनच्या मते परोटा बरा होता, केरळाच्या मानाने पन्नास टक्के) आणि किनाऱ्याकडे निघालो. तासाभराची ड्राइव्ह. याच तासात फ्लॅटचा विषय निघाला.

सांगायचं म्हणजे, त्या आठवड्यात आम्ही एक फ्लॅट बुक करायच्या बेतात होतो. ऑफ-प्लॅन, म्हणजे आज फक्त चित्र, ताबा चार वर्षांनी, महिना एक टक्का हप्ता. दुबईत आमच्या वयाचे निम्मे लोक सध्या हेच करतायत आणि उरलेले निम्मे त्यांना विकतायत. उत्तरेकडच्या एका अमिरातीतली, खाडीच्या काठावरची स्कीम. सोमवारपर्यंत टोकन द्यायचं होतं. भाडं दरवर्षी वाढतंय, बायकोला स्वतःचं घर हवंय, मलाही हवंय. ब्रोशर आम्हाला दोघांनाही आवडलं होतं. निळंशार पाणी, पांढरी वाळू, लाकडी धक्का, धक्क्यावर कॉफी पिणारी एक बाई. वर लिहिलेलं, 'लिव्ह विथ नेचर'.

काका मागच्या सीटवर होते. त्यांनी ब्रोशर बायकोच्या फोनवर झूम करून बघितलं आणि क्वांटिटी सर्व्हेअरच्या आवाजात विचारलं, "यात ओहोटी कुठंय?"

कोणी काही बोललं नाही. गाडी हायवे सोडून कच्च्या रस्त्याला लागली.

उम्म अल क्वैनच्या बाजूची ही खाडी म्हणजे खोर अल बैदा. तिच्या आसपास सब्खा आहे, म्हणजे मिठाची सपाट जमीन. वरून कडक पापुद्रा, खाली पिठलं. गाड्या तिथे चाकापर्यंत रुततात, म्हणून आम्ही गाडी पक्क्या जागी लावली आणि स्कोप खांद्यावर टाकून दीडेक किलोमीटर चाललो. समोर आलं ते दृश्य तुम्हाला सांगितलं तर तुम्ही कोणी तिकीट काढून येणार नाही. राखाडी. मैलभर राखाडी चिखल, त्यात वाकडेतिकडे पाण्याचे ओघळ, कडेला तिवरांची खुजी झाडं आणि एक वास.

तो वास माझा आहे. मी नेरूळला वाढलो. आमच्या बिल्डिंगच्या मागे दोन रस्ते ओलांडले की खाडी. ओहोटीला वारा फिरला की आई खिडक्या लावून घ्यायची आणि म्हणायची, "आली खाडी घरात." बिल्डिंगमधला प्रत्येक जण वाट बघायचा की तिथे कधी भराव पडतो आणि छानसं गार्डन होतं. चिखल म्हणजे अजून काही न झालेली जागा, असाच सगळ्यांचा समज. त्याच चिखलावर हजारोंनी फ्लेमिंगो येतात म्हणून 2015 साली ठाणे खाडीचं अभयारण्य झालं, 2022 साली तिला रामसरचा दर्जा मिळाला, नेरूळच्या चौकाचौकात फ्लेमिंगोचे पुतळे बसले. आणि 2024 मध्ये आमच्याच भागातल्या तलावात भरतीचं पाणी यायची वाट अडली, तलाव सुकला आणि फ्लेमिंगो सैरभैर होऊन मरायला लागले. त्याच वर्षी 20 मे च्या रात्री दुबईहून मुंबईला उतरणारं विमान घाटकोपरवर फ्लेमिंगोंच्या थव्याला धडकलं, तीसहून अधिक पक्षी मेले. त्या मार्गाने मी वर्षातून तीनदा जातो. पुतळ्यांना काही झालं नाही.

असो, खोर अल बैदावर परत येतो. भरती चढायला लागली होती. इथली भरती आपल्यासारखी आडदांड नाही. मुंबईला मोठ्या भरतीला साडेचार मीटरच्या वर पाणी चढतं, इथे त्याच्या मानाने अगदीच थोडं. पण जमीन इतकी सपाट की पाणी वितभर चढलं तरी अर्धा किलोमीटर चिखल बुडतो. आणि पाणी जसं जसं पुढे येतं तसतसे दूरवर विखुरलेले पक्षी मागे सरकत सरकत तुमच्याकडे येतात. तुम्ही फक्त गप्प बसायचं. जगात फार कमी गोष्टी अशा, नुसतं बसून राहिल्यावर मिळतात.

आधी चिखल्ये आले, शेकड्यांनी. इकडून तिकडे धावायचं, थांबायचं, टोचायचं, पुन्हा धावायचं. मग लाल पायांचे टिलवे, प्रत्येक गोष्टीवर आरडाओरडा करणारे. लांब वाकड्या चोचीचे कोरल. पाणटिवळे चोच मुळापर्यंत खुपसून. त्यांच्या मागे गुलाबी रेघ, ते फ्लेमिंगो. एक काळा समुद्री बगळा उथळ पाण्यात दारू प्यायल्यासारखा नाचत मासे हुसकत होता. सकाळच्या शेतात चार तासांत जेवढे पक्षी दिसले, तेवढे इथे स्कोपच्या एका गोलात मावत होते.

आणि क्रॅब प्लोव्हर. बायकोने पहिल्यांदाच पाहिला. काळा-पांढरा, उंच पायांचा, आणि चोच अशी की शरीर नंतर लावलंय. ही चोच खेकडे फोडायला. या पक्ष्याचं वैशिष्ट्य म्हणजे तो आपल्या कुळात एकटाच, जवळचा नातेवाईक कोणी नाही. आणि किनाऱ्यावरच्या पक्ष्यांमध्ये हा एकच असा की वाळूत लांब बोगदा खणून आत अंडं घालतो. एकच, पांढरं. आतली वाळू उन्हाने इतकी योग्य तापते की आईबापांना तासन् तास अंड्यावर बसावंच लागत नाही. बाहेर उन्हाळ्यात आपण एसी सोळावर ठेवून बसतो आणि हा त्याच उष्णतेवर पोरं वाढवतो. पिल्लं मोठी झाली तरी हिवाळाभर आईबापांच्या मागे शिट्या मारत खेकडे मागत हिंडतात. "आपल्याकडची मुलं," बायको म्हणाली. आम्हाला दिसला त्या टोळीत 37 होते, त्यात चार मोठी झालेली मागती पिल्लं.

काकांचं मात्र तिकडे लक्ष नव्हतं. ते दूरच्या एका रेतीच्या पट्ट्यावर स्कोप लावून बसले होते. तिथे राखाडी पक्ष्यांचा एक राखाडी घोळका राखाडी चिखलावर उभा होता. "ग्रेट नॉट," ते म्हणाले. मी बघितलं. खरं सांगायचं तर बघण्यासारखं काही नव्हतं. कबुतरापेक्षा लहान, छातीवर ठिपके, कोणी हालचाल करत नाही.

पण ही गोष्ट ऐका. हा पक्षी अंडी घालतो फक्त ईशान्य सैबेरियात. हिवाळ्यात त्यातले बहुतेक ऑस्ट्रेलियाला जातात, आणि थोडेसे इकडे अरबस्तानाच्या किनाऱ्यावर येतात. खोर अल बैदा ही त्यांची इथली जुनी, ठरलेली जागा. ऑस्ट्रेलियाहून निघालेले ग्रेट नॉट चीनच्या किनाऱ्यापर्यंत 5,400 किलोमीटर न थांबता उडतात, आणि 2000 साली शास्त्रज्ञांनी दाखवलं की या उड्डाणात त्यांची चरबीच नाही तर शरीरातले बरेच अवयवसुद्धा आटतात. जे लागत नाही ते बंद करायचं आणि बॅटरी वाचवायची. आणि खाणं? शिंपले, अख्खे गिळायचे आणि पोटात चिरडायचे. त्यांच्या चुलत भावावर, रेड नॉटवर, नेदरलँड्समध्ये प्रयोग झाले. 1998 चा पेपर आहे. चोच ओल्या वाळूत खुपसली की वाळूच्या कणांमधल्या पाण्यावर दाब पडतो, आत शिंपला असेल तर त्या दाबात फरक पडतो, आणि चोचीच्या टोकाला तो फरक कळतो. म्हणजे शिंपल्याला न शिवता शिंपला सापडतो. यासाठी वाळू-चिखल ओला लागतो आणि पाण्याचं येणंजाणं सुरू लागतं. भराव घालून, वर लॉन लावून हे होत नाही. कुठला स्विच नाही, मोटार नाही, पठाण नाही. चंद्र खेचतो, पाणी येतं, जातं, आणि चिखलात दर चौरस मीटरला जेवण तयार.

दक्षिण कोरियात सेमान्गम नावाची अशीच चिखलाची खाडी होती, ग्रेट नॉटची प्रवासातली मोठी विश्रांतीची जागा. 2006 साली 33 किलोमीटर लांबीची भिंत बांधून ती समुद्रापासून तोडली. शेतजमीन हवी होती. तिथले पक्षी दुसऱ्या खाडीत जातील असं वाटलं होतं. ते गेले नाहीत, ऑस्ट्रेलियातले आकडेच कमी झाले. आज ग्रेट नॉट धोक्यात असलेल्या जातींच्या यादीत आहे. शेजारच्या खाडीत जागा असते, पण ती रिकामी नसते. तिथे आधीच कोणीतरी जेवत असतं.

"म्हणून मोजायचं," काका स्कोपमधून डोळा न काढता म्हणाले. "नाहीतर कमी झाले हे कळणार कसं?" दर जानेवारीत जगभर पाणपक्ष्यांची गणना होते, 1967 पासून. ती अशाच कोणीतरी, कुठल्यातरी चिखलात उकिडवं बसून केलेल्या बेरजांवर उभी आहे. मग त्यांनी मला स्कोपवर बसवलं आणि मोजायला शिकवलं. दहा नीट मोजायचे, तेवढा तुकडा डोळ्यात बसवायचा, मग तो तुकडा थव्यावर ठेवत जायचा. सळयांचे बंडल मोजतात तसंच. माझे 80 आले, त्यांचे 86. "पुढच्या वर्षी तुझाच आकडा लिहायचाय, तेव्हा नीट मोज," म्हणाले. वही कोण सांभाळणार हा प्रश्न आमच्यात कधी निघाला नव्हता. तो असा निकालात निघाला.

समोर, पाण्यापलीकडे सिनिया बेट दिसत होतं. तिथे सोकोत्रा पाणकावळ्यांची हजारो जोड्यांची वसाहत आहे. 2022 साली तिथे शेकडो वर्षं जुना ख्रिस्ती मठही सापडला. आता त्या बेटावर घरं आणि रिसॉर्टची योजना आहे. आमचा फ्लॅट तिथला नव्हता, पण चित्रातली कॉफी पिणारी बाई बहुधा तीच असावी.

बायकोने चिखलात उभ्या उभ्या एजंटला मेसेज टाकला. वॉटरफ्रंटला ओहोटीच्या वेळी काय दिसतं? दोन मिनिटांत उत्तर आलं. "नो वरीज मॅम, पूर्ण ड्रेज करून बीच करणार आहेत. झीरो मड, गॅरंटी." पुढे एक स्माइली आणि हात जोडलेले.

तिने फोन मला दाखवला, मग चेट्टनला, मग काकांना. काका म्हणाले, "गॅरंटी खरी असणार."

सोमवारी आम्ही टोकन भरलं नाही. यात फार मोठा त्याग वगैरे शोधू नका. हप्ता आमच्या आवाक्याच्या कडेवर होता, ते एक. आणि दर महिन्याला एक टक्का देऊन पक्षी हाकलायचे, हे बायकोला पटेना, ते दुसरं. दोन्हींत पहिलं किती आणि दुसरं किती ते आम्ही मोजलेलं नाही. त्या युनिटचं बुकिंग एजंटने तासाभरात दुसऱ्या कोणाला तरी दिलं. आमच्या भाड्याचं नूतनीकरण मे महिन्यात आहे आणि घरमालक वाढवणार हे नक्की.

शनिवारचं सांगायचं राहिलं. पावणेचारला भरती पूर्ण चढली. पट्टा अगदी अरुंद झाला, पक्षी खांद्याला खांदा लावून उभे. तेवढ्यात एक दलदली भोवत्या तिवरांवरून आला आणि सगळा थवा एकदम उठला. हजारभर पंख एकाच वेळी वळले की आधी सगळं काळं दिसतं, मग लखकन पांढरं, मग काहीच नाही, मग पुन्हा काळं. तीन फेऱ्या मारून ते खाली उतरले, पण सगळे सरमिसळ झालेले, नॉट कुठले आणि पाणटिवळे कुठले कळेना. काकांनी पाणी प्यायलं, चष्मा पुसला आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतलं. वीस मिनिटं. या खेपेला 88 आले.

"मग 88 लिहू?" मी विचारलं. वही माझ्या हातात होती.

"थांब," ते म्हणाले, आणि तिसऱ्यांदा मोजायला लागले.